बसलेल्या गाडीची फेरतपासणी

प्रति,
मा. तालुका पुरवठा अधिकारी साहेब,
तहसील कार्यालय, कारंजखेड,
जिल्हा यवतमाळ.

अर्जदार : सौ. गझाला जफर शेख, वय २४ वर्षे, रा. जुना जिनिंग रोड, कारंजखेड.

विषय : दारात बसून असलेल्या चारचाकी गाडीमुळे रद्द झालेली व पंचनाम्यात ती गाडी 'चालू' नोंदविल्यामुळे परत न मिळालेली केशरी शिधापत्रिका, मुलीच्या कानाच्या ऑपरेशनसाठी, ३१ मार्चपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) शिधापत्रिका रद्द केल्याचा आपला आदेश, दि. ९ जून २०१५.
२) अर्जदाराचे अर्ज, दि. ६ जुलै, १४ सप्टेंबर व २१ डिसेंबर २०१५.
३) पुरवठा निरीक्षक साहेबांचा स्थळ पंचनामा, दि. १७ नोव्हेंबर २०१५.

महोदय,

१. अर्जदार हिने याआधीच्या तिन्ही अर्जांत 'मी' असे लिहिले होते. तिसरा अर्ज हातात घेताना खिडकीवरचे बाबू म्हणाले, "मी मी काय लावलं बाई? अर्जदार लिहा. मी कोण, हे साहेबाले काय माहीत?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून हा चौथा अर्ज तसा लिहिला आहे. अर्जदार म्हणजे बारावी शिकलेली, जफर मिस्तरींची बायको व उमेराची आई, एवढे साहेबांनी ध्यानात ठेवावे. मुलगी दुपारी झोपते तेवढ्या वेळात, तीन दुपारी मिळून अर्ज पुरा झाला, त्यामुळे शाई दोन रंगांची आहे. त्याबद्दल माफी असावी.

२. अर्जदाराची मुलगी उमेरा येत्या ऑगस्टमध्ये चार वर्षांची होईल. तिला ऐकू येत नाही. ही गोष्ट गल्लीत सर्वांत शेवटी अर्जदारालाच कळली, कारण अर्जदार जवळ आली की उमेरा मान वळवून हसायची. पावलांची धमक तिला जमिनीतून कळत होती, आणि अर्जदाराला वाटायचे की लेकरू आईचा आवाज ओळखते. शेजारच्या नागोरावांची सून मैत्रेयी अंगणवाडी सेविका आहे. तिने एकदा सगळ्या मुलांच्या मागे उभे राहून ताटली वाजवली. सगळी मुले वळली. उमेरा चिंचोके मांडत राहिली. मैत्रेयी घरी आली आणि म्हणाली, "गझाला भाभी, राग नको मानू व. पोरगी आवाजाकडे पाहत नाही. बाकीचे पाह्यतात म्हणून पाह्यते."

नागपूरच्या रुग्णालयात तपासणी झाली. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितले की कानात यंत्र बसवता येते, मात्र चार वर्षांच्या आत. नंतर बसवले तर आवाज पोचेल, पण शब्द लागणार नाहीत. बोलणे शिकायचे वय निघून जाते. उमेराचे नाव यादीत लागले आहे. खर्च शासन करते, परंतु पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तरच. कागद ३१ मार्च २०१६ पर्यंत जमा करायचे आहेत. नंतर नाव आपोआप निघते. पत्र सोबत जोडले आहे.

३. आता गाडीबाबत, जिच्यामुळे चारचाकीच्या नियमाने कार्ड कापले गेले. ही गाडी परदेशी कंपनीची, सात सीटची, मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची आहे. सीट चामड्याच्या, छत काचेचे. ती अर्जदाराच्या पतीने विकत घेतलेली नाही. ते जिनिंग फॅक्टरीत मिस्तरी होते आणि मालकांची गाडीही तेच चालवीत. दोन हंगाम कापसाला भाव नव्हता, मालाच्या गाड्या येईनात, आणि २०१४ च्या मार्चमध्ये जिनिंगला कुलूप लागले. मालक सुरतेला निघून गेले. जाताना वर्षभराच्या पगाराच्या बदल्यात त्यांनी ही गाडी पतीच्या नावे करून दिली. मालकांच्या आधी ती नागपूरच्या एका बिल्डरची होती. त्याच्याही आधी कोणाची, ते कागदावर पुसट झाले आहे.

ज्या दिवशी ती दारात आली, त्या दिवशी सासूबाई जैबुनबी यांनी गल्लीत जिलेबी वाटली. गल्ली चार दिवस गाडीसोबत फोटो काढत होती. जिलेबी वाटल्याचेही आपल्या चौकशीत कोणीतरी सांगितले आहे, असे कळते. ते खरे आहे. पती त्या दिवशी बोनेट उघडून तासभर आवाज ऐकत उभे होते. मग अर्जदाराला म्हणाले, "इंजिन एकदम फर्स्टक्लास आहे. बाकी पाहून घेईन."

बाकी पुढीलप्रमाणे आहे.

४. या गाडीला स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर रबरी फुगे आहेत, त्यांना मिस्तरी लोक बलून म्हणतात. बलूनच्या हवेवर गाडी उभी राहते. रबर जुने झाले की चिरते, हवा जाते, आणि म्हैस गोठ्यात बसते तशी गाडी एका अंगाने खाली बसते. तिला उठवायला आतला पंप धावतो, धावून धावून तोही जळतो. एका नवीन बलूनला जेवढे पैसे लागतात, तेवढे जिनिंग बंद झाल्यापासून पतीला सहा महिन्यांत मिळत नाहीत. बलून चार आहेत. काचेच्या छतातून पाणी जायला बारीक नळ्या असतात. त्यांत निंबाचा पाला अडकला आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी सीटखालच्या कंप्युटरमध्ये गेले. तेव्हापासून दार उघडले की वायपर चालतो. डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात, जशी काही दर्ग्याच्या संदलची मिरवणूक निघाली आहे. मग कंप्युटर स्वतःच ठरवतो की गाडी आजारी आहे, आणि वीसच्या वर पळू देत नाही. काय दुखते ते विचारायला लॅपटॉप लावावा लागतो. तो माणूस नागपूरला आहे, आणि नुसते विचारायचेच तो दोन हजार घेतो. ऑइल नऊ लिटर लागते, तेही साधे चालत नाही. या मापाचा टायर अर्ध्या जिल्ह्यात फिरूनही मिळाला नाही. किल्ली एकच आहे, ती हरवली तर नवी किल्ली पतीच्या जुन्या मोटारसायकलपेक्षा महाग पडते.

साहेब, अर्जदाराचे पती आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखणारे मिस्तरी आहेत. घाटंजी, दारव्ह्याहून लोक गाड्या घेऊन येत, आणि हे चहाचा कप खाली न ठेवता सांगत, "तिसऱ्या नंबरचा नोझल पाह्य." या गाडीसमोर मात्र ते हात बांधून उभे राहतात. म्हणतात, "हे बोलतच नाही ना माह्याशी. ते कंप्युटराशी बोलते."

५. गाडी भाड्याने देऊन पाहिली. नागोरावांचा मुलगा अश्वजित याचे लग्न २०१४ च्या मे महिन्यात महागावच्या बाजूला होते. नवरदेव या गाडीत बसला. अर्ध्या वाटेत मागचा डावा बलून गेला, मग उजवा. पांढरे कपडे घातलेला अश्वजित फुलांच्या गाडीत एका अंगाला कलंडून अर्धा तास बसून होता. मागून नागोरावांची स्वतःची काळीपिवळी जीप वऱ्हाड घेऊन आली आणि पंधरा माणसांत सोळावा म्हणून नवरदेवाला घेऊन गेली. मैत्रेयी अजून चिडवते, "भाऊजी, तुमच्या गाडीनं माह्या नवऱ्याले लग्नाआधीच वाकवलं." पतीने भाडे घेतले नाही, उलट पाकिटात अहेर घातला. विकायचाही प्रयत्न केला. दारव्ह्याहून तीन पार्ट्या आल्या. आत बसल्या, छत उघडा म्हणाल्या, चहा घेतला आणि गेल्या. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे, पण आधी नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागतो.

६. नोंदणी रद्द करण्यासाठी परिवहन विभागाच्या खिडकीवर विचारले. तेथे सांगितले, वाहन तपासणीस हजर करा. पतीने सांगितले की वाहन येऊ शकत नाही, म्हणूनच रद्द करायचे आहे. तेव्हा तेथले साहेब म्हणाले, "येऊ शकत नाही हे मी आल्याशिवाय कसं पाहू?" म्हणजे वाहन आल्याशिवाय. गाडी ओढून न्यायची तर ती चाके उचलणाऱ्या क्रेननेच न्यावी लागते, साखळीने ओढली तर पोट जमिनीला घासते. अशी क्रेन नागपूरहून येते. एक कर बाकी आहे, एक विमा संपला आहे, ते आधी भरा, मग तपासणी. त्या खिडकीवर दुसऱ्या एका बाबूंनी चांगल्या मनाने सुचवले की टॅक्सी पासिंग करून घ्या, टॅक्सीवाल्याचे रेशन कार्ड कापत नाहीत. ही गोष्ट खरी आहे. नागोरावांची काळीपिवळी रोज दारव्ह्याच्या चार फेऱ्या करते, त्यांचे कार्ड कायम आहे, आणि त्यात अर्जदाराला आनंदच आहे. परंतु टॅक्सी पासिंगसाठी गाडी सुस्थितीत लागते. सारांश असा की चालणाऱ्या गाडीचा धनी गरीब राहू शकतो. अर्जदाराच्या दारातली बसली आहे, म्हणून अर्जदाराचे कुटुंब सधन आहे.

७. आता पंचनाम्याबाबत. जी गोष्ट आधीच्या तीन अर्जांत लिहिण्याची हिंमत झाली नाही, ती येथे लिहिते.

उमेरा एक वर्षाची होती तेव्हापासून ती कशाने राहत नसली, रडू लागली, की पती तिला जिनिंगच्या ट्रकच्या बोनेटवर बसवीत. ही गाडी आल्यावर हिच्या. इंजिन सुरू केले की उमेरा दोन्ही हात पसरून बोनेटवर गाल टेकते आणि डोळे मिटून हसते. सासूबाई म्हणत, पोरीला बापासारखा गाड्यांचा नाद आहे. तिला ऐकू येत नाही हे कळल्यावर तिघांनाही उमगले की ती काय करत होती. तिच्यापर्यंत पोचते असे दुसरे काही घरात नाही. अर्जदार तिच्यासाठी गाणी म्हणत आली, ती पोचली नाहीत. इंजिन पोचते. म्हणून गाडी चालत नसली तरी पती दोन दिवसांआड पाच मिनिटे इंजिन लावीत. डिझेल त्यासाठी आणत. मागच्या जुलैमध्ये बॅटरी संपली आणि तेही बंद झाले.

निरीक्षक साहेब तपासणीला येणार असे तीन दिवस आधी कळले. अर्जदाराने पतीला हात जोडून सांगितले, "चार दिवस तिले हात नका लावू. आहे तशी दिसू द्या." पतीने मान हलवली. पण साहेब, मिस्तरीच्या दारात सरकारी माणूस येणार आणि गाडी जमिनीला पोट टेकून पडलेली, हे त्यांच्याने पाहवले नाही. सासूबाईंनी अंगण सारवून घेतले, गाडीत बसणाऱ्या कोंबड्या हाकलल्या, सीटवरची शिट पुसून काढली. म्हणाल्या, "साहेब लोक येऊन राह्यले, घाण दाखवाची का?" पतीने नागोरावांच्या जीपची बॅटरी काढून आणली. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून चारही बलूनमध्ये हवा भरली, चिरा सायकलच्या ट्यूबने बांधल्या. अर्जदार रागावली तेव्हा एवढेच म्हणाले, "चार महिने झाले, पोरीनं आवाज नाही घेतला."

१७ नोव्हेंबरला निरीक्षक साहेब दारात उतरले तेव्हा गाडी चारही पायांवर उभी होती, धुतलेली होती, इंजिन चालू होते, आणि उमेरा बोनेटवर गाल टेकून हसत होती. साहेब भले माणूस. ऊन फार होते, पतीने त्यांना आत बसवले, एसी लावला. त्या दिवशी तोही चालला. साहेबांनी लिंबू सरबत घेतले, उमेराच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जे पाहिले ते लिहिले : "वाहन चालू स्थितीत, वातानुकूलित, कुटुंब नियमित वापर करते." त्यात एक अक्षर खोटे नाही.

त्यांची जीप कोपऱ्यावरून वळली आणि मागचा डावा बलून सुटला. अर्जदार उमेराला कडेवर घेऊन जीपच्या मागे पळाली. बाजार रस्त्यापर्यंत पळाली. हाका मारल्या. परत आली तेव्हा गाडी पूर्ण खाली बसली होती, आतून जळाल्याचा वास येत होता, आणि पती बोनेटला पाठ टेकवून जमिनीवर बसले होते. त्यानंतर गाडी सुरू झालेली नाही. नागोरावांची बॅटरी त्याच संध्याकाळी परत केली.

८. मागच्या महिन्यात आपल्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने अर्जदाराला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांनी दयेपोटीच सांगितले. गाडी नवऱ्याच्या नावावर आहे. नवऱ्याने सोडून दिले आहे, सांभाळत नाही, असे बाईने शंभरच्या मुद्रांकावर लिहून दिले तर बाई आणि मूल यांचे वेगळे कार्ड निघते. पंधरा दिवसांत निघते.

अर्जदाराने घरी सांगितले नव्हते. पतीला कोणाकडून कळले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते शंभरचा मुद्रांक घेऊन आले. खाली सही करून आणला होता, वर कोरा. म्हणाले, "लिही ना. कागदावर गाडी चालून राह्यली, कागदावर मी पळून गेलो, त्यात काय?" आणि हसले. अर्जदार तीन आठवडे तो कागद पेटीतून काढते आणि ठेवते. काय लिहायचे ते पाठ आहे. 'माझा नवरा आमची देखभाल करत नाही.' लिहायला दोन मिनिटे लागतील. परंतु मग पुन्हा तपासणी होईल, निरीक्षक साहेब पुन्हा येतील, आणि त्या दिवशी पती घरात नसावे लागतील. त्यांचे कपडे दोरीवर नसावे लागतील. त्यांची अवजारे, मोटारसायकल, चप्पल, काही दिसता कामा नये. एवढे सगळे अर्जदार लपवील. पण उमेरा दुपारी झोपून उठली की पहिल्यांदा बापाचे बोट शोधते. ती सगळ्या खोल्यांत जाईल, मागच्या दारात जाईल, मग साहेबांचे बोट धरून त्यांना गाडीपाशी नेईल. तिला कसे सांगायचे की आज शोधू नको? तिला सांगता येत असते तर हा अर्जच लिहावा लागला नसता.

९. सबब विनंती अशी की, साहेबांनी कोणत्याही दिवशी, कोणालाही न कळवता, यावे. येण्यापूर्वी निरोप पाठवू नये, एवढी मेहेरबानी करावी. निरोप मिळाला तर पती पुन्हा काहीतरी करतील, त्यांना थांबवणे अर्जदाराच्या हातात नाही. आल्यावर गाडीखाली हात घालून पाहावा, हात जात नाही. वाटल्यास शिपाई बसवून आठ दिवस पहारा ठेवावा, त्याच्या जेवणाचे अर्जदार पाहील. वाटल्यास गाडी शासनाने जमा करून घ्यावी, एक रुपया नको. वाटल्यास कागदावर ती कोंबड्यांचा खुराडा म्हणून नोंदवावी, आजच्या तारखेला तिचा तेवढाच उपयोग आहे. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ नाही दिला तरी अर्जदाराची तक्रार नाही, तसे लिहून देण्यास तयार आहे. कार्ड फक्त ३१ मार्चपर्यंत जिवंत हवे. १ एप्रिलला पुन्हा रद्द केले तरी चालेल.

१०. एक गोष्ट राहिली. तिचा नियमाशी संबंध नाही, तरी लिहिते. उमेरा अजूनही रोज दुपारी पतीचे बोट धरून त्यांना गाडीपाशी ओढत नेते आणि बोनेटवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहते. सुरुवातीला पती बोनेटखाली हात घालून खालून मुठीने पत्रा वाजवीत, इंजिनासारखा, बराच वेळ, मूठ सोलेपर्यंत. उमेरा गाल टेकायची. थोडा वेळ थांबायची. मग गाल काढून घ्यायची. तिला फरक कळतो. गेल्या आठवड्यापासून तिने गाल टेकणे सोडले आहे, नुसता हात ठेवून पाहते आणि आपणहून घरात येते.

आज ११ फेब्रुवारी आहे. ३१ मार्चला एकोणपन्नास दिवस उरले आहेत. मागच्या तीन अर्जांना उत्तर आलेले नाही, आणि याला येईल असे अर्जदाराला वाटते असेही नाही. तरी आवक शिक्का मारून एक प्रत परत मिळावी.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

गझाला जफर शेख

ठिकाण : कारंजखेड
दिनांक : ११ फेब्रुवारी २०१६

सोबत जोडलेले कागद :
१) रद्द शिधापत्रिकेची झेरॉक्स.
२) रुग्णालयाचे पत्र, यादीतील नावाखाली रेघ मारून.
३) गाडीचे तीन फोटो. तिसऱ्या फोटोत उमेराचा हात आला आहे, तो तिथून काढता आला नाही.
४) अंगणवाडी सेविका मैत्रेयी यांचे पत्र.
५) नागोराव यांचा जबाब, बॅटरी त्यांची होती याबद्दल.
६) शंभर रुपयांचा मुद्रांक, पतीच्या सहीचा. जोडलेला नाही. १५ मार्चपर्यंत उत्तर न आल्यास लिहून, समक्ष आणून जोडण्यात येईल.